मुंबईची झाडं आमच्या उतारावर

यंदा चैत्रात मोठी माय माझ्याकडे मुंबईला आली. मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आई लवकर गेली, मला वाढवलं तिनंच. तिनं एकदा तरी इथं यावं म्हणून मी पंधरा वर्षं मागे लागले होते. आणि ती खरोखरच हातात कापडी पिशवी घेऊन गाडीतून उतरताना दिसली, तेव्हा मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. कशाचा, ते सांगायला बसले तर तीन वर्षं मागे जावं लागतं.

चैत्रात मोठी माय गाव सोडत नाही. भाचीचं लग्न असो, भावाचं दुखणं असो, तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "मोहा पडून राह्यला ना वं पोरी, आता कुठी येऊ?" यंदा मात्र मी फोनवर नुसतं विचारलं आणि ती म्हणाली, "येतो. इथी आता काय काम आहे?"

आमचं गाव चामोर्शीपासून आत. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, आणि तलावाच्या वर एक लांबलचक उतार. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळात बांधलेला तलाव म्हणून कागदावर त्याला 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात. लोकांनी दोन शब्दांची दोन अक्षरं उचलली आणि त्याला मामा तलाव केलं. मामाच तो. खालच्या धानाला पाणी द्यायचा, आम्हा ढिवरांना मासळी द्यायचा, आणि उन्हाळ्यात पोरांना अंगाखांद्यावर खेळवायचा. हा मामा स्वतः मात्र उतारावर जगायचा. पावसाचं पाणी उतारावरून धावत येऊन तलावात उतरायचं. त्या येण्याला 'येवा' म्हणतात. येवा मोकळा राहिला तर तलाव भरतो, इतकं साधं आहे ते.

त्याच उतारावर मोहाची झाडं. चैत्रात तलावाचं पाणी खाली गेलेलं, जाळं टाकण्यात अर्थ नसायचा, तेव्हा ढिवरांच्याही बायका टोपल्या घेऊन उतारावर जायच्या. उजाडता उजाडता. जमिनीवर पिवळट पांढऱ्या फुलांचा सडा, वरून अजून टपटप चालू, आणि तो वास, गोड आणि जड, डोक्यात चढणारा. हात चिकट व्हायचे. केसांना वास लागायचा तो शाळेत जाईपर्यंत जायचा नाही. बायका वेचताना सारख्या एकमेकींना हाका मारत. मला वाटायचं गप्पांची हौस आहे. मोठी मायनं एकदा सांगितलं, "वाघाले माणसाचा आवाज ऐकू आला पायजे. मंग तो आपली वाट धरते, आपण आपली." जंगलाशी वागायची ही रीत मला कुठल्या पुस्तकात शिकवली गेली नाही. मोहाच्या झाडाखाली वाकून वाकून ती अंगात गेली.

मी शिकले. नागपूरला, मग मुंबईला. नकाशे काढणं हा माझा व्यवसाय झाला. मी ज्या कंपनीत आहे ती शहरांचे आराखडे बनवते. आणखी वीस वर्षांनी हे महानगर कसं दिसेल, याची चित्रं मी काढते. छपरांवर हिरवळ, सायकलवरून जाणाऱ्या हसऱ्या बायका, दोन इमारतींच्या मध्ये झाडी, झाडीत तळं. चित्रातल्या तळ्यात नेहमी निळं पाणी असतं. ते कुठून येतं, ते चित्रात दाखवायची पद्धत नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन फाल्गुनात आमच्याकडे एका डेपोचं काम आलं. डेपोसाठी खाडीकाठची झाडी तोडायची होती. नियम असा की जितकं तोडाल त्याच्या बदल्यात दुसरीकडे लावा. मुंबईत रिकामी जागा कुठून आणणार? मग ती शोधायची राज्यात कुठेही. वरून एक यादी आली होती, तिच्यातल्या जागा मी नकाशावर बसवत होते. अक्षांश, रेखांश, क्षेत्र. एकेका जागेपुढे रकाने भरायचे. 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात मी लिहिलं : झुडपी जंगल. 'सध्याचा वापर' या रकान्यात यादीत होतं तेच उतरवलं : निरंक.

मग जागा मोठी करून पाहिली. शेजारी एक निळा ठिपका होता, डाव्या बाजूला थोडा फाटलेल्या पानासारखा. तो आकार मी लहानपणी बांधाच्या पाळीवर उभं राहून इतक्या वेळा पाहिला होता की मला नाव वाचायची गरज पडली नाही.

निरंक. तो शब्द मी माझ्या हातानं टाइप केला होता.

आमच्या सरांना मी सांगितलं, ही जागा माझ्या गावची आहे आणि ती रिकामी नाही. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, नीट ऐकलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा, मग पाहणीला तूच जा ना. तुला तिथली भाषा येते."

अशी मी चैत्रात गावी गेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून. चामोर्शीच्या रस्त्यावर सूरजागडच्या खाणीतून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक एकामागून एक चालले होते आणि दोन्हीकडची झाडं लाल धुळीनं माखलेली होती. त्या लोखंडाचे गर्डर होतील, गर्डरांचे पूल होतील, हे मला माहीत होतं. मी त्या पुलांचीही चित्रं काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मायसोबत उतारावर गेले. ती वेचत होती, मी मोजमापाचं यंत्र घेऊन फिरत होते. बायका मला पाहून हसत होत्या. मी झाडं मोजली, पाण्याच्या वाटा पाहिल्या, फोटो काढले. शेवटी मोठी माय कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"काय करून राह्यली वं नंदे? काय मोजतं?"

मी सांगितलं. तिथं मुंबईत झाडं तोडणार आहेत, त्यांच्या बदल्यात इथं लावणार आहेत. या उताराला कुंपण पडेल.

तिनं आधी उताराकडे, मग माझ्या यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "झाडं तिथी कापतेत, तं लावाले इथी काऊन येतेत? तिथल्या लोकायले साऊली नोको का?"

"तिथं जागा नाही मोठी माय."

"अन् इथी आहे? ह्या मोहाले मंग काय म्हणतेत ते? झाड नाई म्हणत?"

आजवर मी कितीतरी बैठकांत बसले. हवामान, हरितपट्टे, शहराची फुप्फुसं असे मोठमोठे शब्द ऐकले, वापरलेसुद्धा. पण झाडाच्या बदल्यात झाड हा हिशेब सावलीला लागू होत नाही, हे एकानंही कधी म्हटलं नव्हतं. सावली तर जिथं पडते तिथंच पडते.

परत आल्यावर मी चार पानी टिपण लिहिलं. उतारावर किती मोहाची झाडं आहेत, किती घरं ती वेचतात, गुरं कुठून चढतात, आणि मुख्य म्हणजे, या उताराचं पाणी तलावात जातं, इथं चर खणला तर तलाव भरणार नाही. एवढं स्पष्ट मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. सरांनी वाचलं, मान डोलावली. "छान लिहिलंयस. हे परिशिष्टात टाकू."

परिशिष्ट म्हणजे अहवालाच्या शेवटी जोडलेली ती पानं, जी कुणी वाचत नाही. मी भांडले का? नाही. मी म्हटलं, "बरं सर." अजूनही भांडी घासताना, केस विंचरताना मला मधेच ते 'बरं सर' आठवतं आणि हातातली वस्तू आपटावीशी वाटते.

दिवाळीपर्यंत मंजुरी आली. पुढच्या उन्हाळ्यात यंत्र गेलं आणि उताराच्या पायथ्याशी कमरेइतका खोल चर खणला गेला, गुरं आत जाऊ नयेत म्हणून. चराच्या कडेनं तारेचं कुंपण, कुंपणाला एक फाटक. आत सागाची आणि बांबूची रोपं. फाटकाजवळ पाटी लागली, तिच्यावर आमच्या गावाचं नाव बारीक होतं आणि मुंबईच्या प्रकल्पाचं ठळक. माझा चुलतभाऊ तुळशीराम, मोठी मायचा मुलगा, आमच्या मच्छीमार सोसायटीचं काम पाहतो. त्यानं पाटीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ, "नंदाबाई, तुमची मुंबई आमच्याकडे आली."

त्या वर्षी पाऊस बरा झाला. चरानं सगळं पाणी अडवून बाजूच्या नाल्याला लावलं. श्रावण संपला तरी तलावाच्या मधोमध चिखलाची बेटं दिसत होती. सोसायटीनं मत्स्यबीज सोडलं ते जगलं नाही. खालच्या शेतांतला धान लोंबी धरायच्या वेळेला वाळला. मोठी माय फोनवर तक्रार करत नसे. ती फक्त सांगायची. "यंदा मरळ नाई पाह्यली." "बगळे आले होते, दोन दिवस बसले, गेले." मी चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीशी उभी राहून ऐकायचे. खाली आमच्या इमारतीच्या आवारात कारंजं चालू असायचं.

ग्रामसभेनं ठराव केला. तुळशीदादा तो घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेला तर तिथले साहेब म्हणाले, "नकाशा वरून आला आहे. जागा निरंक आहे. पाण्याचा काही संबंध नोंदीत नाही."

हे त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. मी म्हटलं, "दादा, नोंद आहे."

"कुठी?"

"अहवालाच्या परिशिष्टात. चार पानं आहेत. माहितीच्या अधिकारात अर्ज कर आणि ती पानंच माग. मी सांगते तसं लिही." आणि मी त्याला परिशिष्टाचा क्रमांक, पानाचा क्रमांक, परिच्छेद, सगळं सांगितलं.

पानं मिळायला वेळ लागला. तोवर पुन्हा चैत्र आला. मोहासाठी फाटकातून पास घेऊन जायचं ठरलं, एका वेळी चौघी. चौघींच्या हाका किती लांब जाणार? पहिल्याच आठवड्यात दोन बायकांना वीस पावलांवर वाघ दिसला. त्या टोपल्या टाकून पळत सुटल्या आणि कुंपणाच्या तारेत अडकल्या. वाघ आपल्या वाटेनं गेला म्हणून नशीब. एकीच्या दंडाला सात टाके पडले, तारेचे. त्यानंतर काहींनी वेचायला जाणंच सोडलं.

ज्येष्ठ लागला. आभाळ भरून यायला लागलं आणि चर तसाच होता. एका सकाळी गावच्या बायका फावडी, घमेली घेऊन निघाल्या. ढिवरांच्या, कुणब्यांच्या, सगळ्या. मोठी माय पुढे. पाण्याच्या जुन्या तीन वाटा जिथं चराला येऊन थांबत होत्या, तिथं तिथं त्यांनी चर मातीनं बुजवला. रोपांना हात लावला नाही. फाटक तोडलं नाही. दुपारपर्यंत काम झालं आणि मग त्या तिथंच बुजवलेल्या मातीवर बसून राहिल्या, कारण वनखात्याची गाडी येणार हे त्यांना ठाऊक होतं.

गाडी आली. मोठी माय आणि आणखी पाच जणींना कार्यालयात नेऊन दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. साहेबांनी विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून केलं?"

मोठी माय म्हणाली, "पाण्याच्या."

हे मला तुळशीदादानं सांगितलं. सांगताना तो हसत होता आणि मी जिन्यात बसून रडत होते. त्याच्या हातात तोवर ती चार पानं पडली होती. त्यानं ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. प्रकल्पाच्याच अहवालात लिहिलं होतं की इथं चर खणला तर तलाव भरणार नाही. आता बायकांवर गुन्हा लावायचा तर ही पानंही लावावी लागणार होती. साहेबांनी पानं दोनदा वाचली. बायकांना सोडलं. चर बुजवलेलाच राहिला.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. सांडव्यावरून पाणी गेलं. तुळशीदादानं त्याचाही फोटो पाठवला, या वेळी खाली काही लिहिलं नव्हतं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्याकडच्या गोष्टी अशा संपत नाहीत. अर्जात पानांचे क्रमांक इतके अचूक कसे, हे आमच्या सरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ते ओरडले नाहीत. मला नोकरीवरून काढलं असतं तर निदान काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी मला वाहनतळांचे नकाशे दिले. गेलं वर्षभर मी गाड्या उभ्या करायच्या चौकटी आखते आहे. तिकडे फाटकाला कुलूप लागलं. वाघाचं कारण सांगून पासही बंद झाले. आतली निम्म्याहून जास्त रोपं वाळली, कारण त्या मुरमाड उतारावर साग लावायचा हा विचारच ज्याला उतार माहीत नाही अशा माणसाचा होता. मोहाची झाडं मात्र आत उभी आहेत. यंदाही फुलली. फुलं पडतात आणि कुजतात. बाहेरून वास येतो.

म्हणून मोठी माय चैत्रात मोकळी होती.

इथं आल्यावर चार दिवस तिनं लिफ्ट, गॅलरी, माझी पोरगी, सगळं पाहून घेतलं. नळाला कायम पाणी पाहून विचारलं, "इतल्या वर पाणी कसं चढते वं?" मी म्हटलं, मोटर. "मोटर कायनं चालते?" करंटनं. "अन् करंट?" चंद्रपूरच्या कोळशाचं नाव घ्यायचं माझ्या जिवावर आलं. मी विषय बदलला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "मले ते जागा दाखव."

"कुठली?"

"जिथले झाडं कापले ते."

मी टाळायला पाहिलं. ऊन आहे, लांब आहे. तिनं चप्पल घातली. रिक्षानं गेलो. रस्त्याच्या एका बाजूला डेपोची उंच पांढरी भिंत, संपता संपत नव्हती. भिंतीवर मोर, हरणं आणि एक वाघ रंगवलेला. वाघाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता. मोठी मायनं तो थांबून पाहिला. "असा नसते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या बाजूला भराव, आणि भरावापलीकडे खाडीची काळी पट्टी. सावली नव्हतीच. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. भिंतीला लागून एक कोळीण पाटी घेऊन बसली होती, डोक्यावर छत्री बांधलेली. पाटीत थोडी कोलंबी, चार बोईट मासे. मोठी माय वळून सरळ तिच्यासमोर उकिडवी बसली आणि मासळीला हात लावून पाहिला, विकत घेणाऱ्या बाईसारखा नाही, पकडणाऱ्या बाईसारखा. कोळणीला ते लगेच कळलं.

"कुठल्या गो तुम्ही?"

"लांबच्या. चामोर्शीकडच्या. आमी बी ढिवर. तलावाची मासळी."

"खाडीत काय उरलंय आता," कोळीण म्हणाली. "इथं झाडी होती ना, तिच्या मुळांत कोलंबी वाढायची. झाडी तोडली, भराव घातला. पावसात तर आता पाणी आमच्या घरात येतं. विचारायला गेलो तर म्हणतात, बाई, झाडं लावली आहेत, दुसरीकडे. कुठं लावली देव जाणे."

मोठी मायनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"आमच्याकडे लावले," मोठी माय म्हणाली.

कोळणीला आधी समजलं नाही. मग मोठी मायनं तिला सगळं सांगितलं. उतार, चर, तलाव, मोहा, फाटकाचं कुलूप. मोठी मायचं झाडीपट्टीतलं बोलणं आणि कोळणीचं खाडीवरचं, पण एकीचा शब्द दुसरीला अडला नाही. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन भाव विचारून गेली, कोळणीनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"जगली का पण?" तिनं शेवटी विचारलं. "आमची झाडं?"

तिनं 'आमची' म्हटलं. मोठी मायच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती अशी ओशाळी छटा आली, जणू सांभाळायला दिलेलं कुणाचं लेकरू तिच्या हातून सुटलं होतं.

"नाई वं बाई," ती म्हणाली. "वाळले. फाटकाले कुलूप लागाच्या पयले आमी पाणी टाकलं होतं. बम टाकलं. डोक्यावर गुंड-घागरी नेऊन नेऊन. नाई जगले."

मला हे माहीत नव्हतं. तुळशीदादानं कधी सांगितलं नव्हतं. ज्या रोपांनी त्यांचा उतार नेला त्याच रोपांना या बायका भर उन्हाळ्यात, तलावात चिखल असताना, पाणी घालत होत्या. मी विचारलं, "काऊन मोठी माय? तुमी काऊन पाणी टाकलं?"

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा शाळेतली पोर झाले. "काऊन म्हणजे? झाडच होतं ना ते."

कोळणीनं छत्रीची दोरी सोडली, छत्री एका बाजूला कलती केली आणि पाटी सरकवून जागा केली. "या हो बाई, उन्हात नका बसू." मोठी माय तिच्या शेजारी जाऊन टेकली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. त्या बोलत राहिल्या, जाळ्याच्या डोळ्यांबद्दल, पाण्याच्या वासाबद्दल. मी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी होते. छत्रीत तिसरीला जागा नव्हती, आणि मीही ती मागितली नाही.